धर्माचा रकाना

पगाराच्या पावतीवर बोट ठेवून तिनं विचारलं, "ताई, हे ३२ युरो ९६ सेंट कशाचे गं?"

माझ्या या मैत्रिणीची ही इथली पहिलीच पावती. मूळची गोव्यातल्या बार्देशची, मुंबईत नर्सिंग शिकलेली, महिनाभरापूर्वी म्युनिकमधल्या एका रुग्णालयात रुजू झालेली. शुक्रवारी संध्याकाळी ड्यूटी संपवून ती थेट माझ्याकडे आली होती. कुकर व्हायचा होता. मी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद जवळ घेतला. प्राप्तिकर ४१२ युरो. त्याखाली एकता-अधिभार, शून्य. त्याच्याखाली चर्चकर, ३२.९६.

"मी तर इथल्या कुठल्याच चर्चमध्ये नाव घातलेलं नाही."

"पत्त्याची नोंदणी करताना फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहिलंस?"

"कॅथलिक. आहेच ना मी!"

तिच्या या उत्तरात सगळं आलं. तिनं खरं तेच लिहिलं होतं, आणि त्या एका शब्दावरून दर महिन्याला पैसे कापले जातील हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी आतून माझी पावती आणली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. छापील चौकटी सारख्याच. धर्माच्या चौकटीत तिच्याकडे 'आर.के.' अशी दोन अक्षरं, म्हणजे रोमन कॅथलिक. माझ्याकडे त्याच जागी दोन आडव्या रेघा. इतकी वर्षं मी त्या रेघा पाहते आहे, पण त्यांच्याकडे टक लावून पाहिलं ते त्या दिवशी. जर्मन सरकारच्या लेखी माझा धर्म म्हणजे त्या दोन रेघा, आणि त्यांतूनही निघतो तो एकच अर्थ : हिच्याकडून कापायचं काही नाही.

तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही. सरकार आणि धर्म यांच्यावरचे वाद मी घरी, कट्ट्यावर, इथल्या आपल्या मराठी मंडळात पुष्कळ ऐकले आहेत. पण हा वाद पगाराच्या पावतीवर, सेंटपर्यंत हिशेब करून, असा समोर आलेला कधी पाहिला नव्हता.

आधी हिशेब सांगते, कारण याबद्दल आपल्या लोकांत बरेच गैरसमज आहेत. चर्चकर पगारावर नसतो, प्राप्तिकरावर असतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांत तो प्राप्तिकराच्या ८ टक्के, बाकी जर्मनीत ९ टक्के. ४१२चे ८ टक्के म्हणजे ३२.९६. मालक तो पगारातूनच कापतो आणि सरकारी कर खात्याकडे भरतो, तिथून तो चर्चला जातो. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मिळून दोन्ही चर्चना यातून वर्षाला बारा-तेरा अब्ज युरो मिळतात. ज्यू समाजाच्या संस्थांनाही असा कर घेता येतो.

हे आलं कुठून, याची मुळं १८०३ सालात आहेत. नेपोलियनच्या दबावाखाली जर्मन राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हा राजेरजवाड्यांनी मठांच्या जमिनी, इमारती, ग्रंथ सगळं ताब्यात घेतलं. म्युनिकच्या राज्य ग्रंथालयातली कितीतरी जुनी हस्तलिखितं त्या मठांतली आहेत. फ्रायझिंगमधली वायहेनस्टेफान ही बिअरची भट्टी मुळात बेनेडिक्टाइन साधूंची. आज ती बव्हेरिया सरकारच्या मालकीची आहे. एवढी मालमत्ता घेतली म्हटल्यावर चर्चचा खर्च चालवायची जबाबदारीही सरकारवर येऊन पडली. ती डोईजड होऊ लागली तेव्हा एकोणिसाव्या शतकात सरकारांनी तोडगा काढला, की ज्याचं चर्च त्यानं पोसावं, वसुलीला आम्ही मदत करू. तोडगा निघाला, तरी जुनं देणं संपलं नाही. त्या मालमत्तेची भरपाई म्हणून जर्मन राज्यं आजही चर्चना वर्षाला सुमारे ६० कोटी युरो देतात, आणि बव्हेरियातल्या बिशपांच्या पगाराचा पैसा राज्याच्या तिजोरीतून जातो. तो सगळ्या करदात्यांचा पैसा आहे. माझ्या रेघांच्या पावतीतलाही त्यात आला.

१९१९च्या वायमार राज्यघटनेनं १३७व्या कलमात स्पष्ट सांगितलं की या देशात सरकारी चर्च असणार नाही. त्याच कलमात पुढे चर्चना कर घ्यायचा हक्कही दिला. १९४९मध्ये नवी राज्यघटना लिहिताना धर्माच्या बाबतीत नवीन काही ठरवण्यावर एकमत होईना. तेव्हा १४०वं कलम घालून वायमारची ती जुनी कलमं जशीच्या तशी आत घेतली. हिटलरच्या बारा वर्षांनंतर उभ्या राहणाऱ्या देशाला चर्चचा आधार वाटत होता, आणि त्या काळात बहुतेक सगळा देश या ना त्या चर्चचा सभासद होता. तो काळ डोळ्यांसमोर आणला की ही व्यवस्था समजते. पटत मात्र नाही.

हे सगळं मी तिला सांगत होते आणि माझ्या मनात राहून राहून दिंडीची भिशी येत होती.

आमचं गाव माळशिरस तालुक्यातलं, माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं. माझे आजोबा दर आषाढीला दिंडीबरोबर चालायचे. निघायच्या आधी दिंडीची भिशी द्यायची, म्हणजे वाटेवरच्या जेवणाखाण्याच्या, तंबूच्या, मालवाहू गाडीच्या खर्चाची वर्गणी. काही जण शिधा द्यायचे, काही पैसे, काही दोन्ही. दिंडीचे विणेकरी एका लांबट वहीत ते मांडून ठेवायचे. ज्याला जमायचं नाही तो कमी द्यायचा, आणि त्याच्या पानातली भाकरी त्यामुळे लहान व्हायची नाही. एका वर्षी पाऊस लांबला, आजोबांना भिशी देता आली नाही. त्यांनी महिनाभर पंगतीत वाढप्याचं काम केलं. विणेकऱ्यांनी वहीत त्यांच्या नावापुढे काय लिहिलं माहीत नाही, पण पुढच्या वर्षी त्यांची जागा होती तिथेच होती.

ही वही चर्चच्या नोंदवहीपेक्षा फार वेगळी आहे. ती वारीपुरती असते. वारी संपली की मिटते. वारकरी होण्यासाठी त्या वहीत नाव असावं लागत नाही, गळ्यात माळ घातली की पुरे. आणि माळ कुणी कुणाला पगारातून कापून घालत नाही. मुख्य म्हणजे त्या वहीशी तलाठ्याचा, मामलेदाराचा काही संबंध नसतो. भिशी थकली म्हणून सातबाऱ्यावर बोजा चढत नाही. देणारा, घेणारा आणि विठ्ठल, एवढ्या तिघांतला तो व्यवहार आहे. आजोबा ज्या हातानं भिशी देत तो हात मी पाहिला आहे. नोटा मोजून झाल्यावर ते त्या वहीला हात लावून नमस्कार करत. चर्चकराच्या ओळीला असा हात कोण लावणार?

इथेही तसं मनापासून दिलेलं मी पाहिलं आहे. जानेवारीत 'तीन राजां'च्या सणाला पॅरिशमधली, म्हणजे इथल्या चर्चमधली, मुलं डोक्यावर कागदी मुकुट घालून, हातात चांदणी घेऊन दारोदार येतात, गाणं म्हणतात, गरीब मुलांसाठी पैसे मागतात आणि दाराच्या चौकटीवर खडूनं आशीर्वाद लिहून जातात. आमच्या दारावरचा खडू मी वर्षभर पुसत नाही. भल्या पहाटे वासुदेव दारात आल्यावर आई सुपातून धान्य घालायची, तसंच वाटतं मला ते. तिथे धर्म मागतो आणि माणूस देतो. सरकार मध्ये नसतं.

मग आपल्याकडे सरकार मध्ये नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे.

कागदावर आपली घटना याबाबत जर्मनीच्या पुढे आहे, असं माझं ठाम मत आहे. २७वं कलम सांगतं की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी ज्याचं उत्पन्न राखून ठेवलंय असा कर भरायची सक्ती कुणावरही करता येणार नाही. माझ्या मैत्रिणीची ती ३२.९६ची ओळ भारतात या कलमापुढे टिकली नसती. घटनेच्या सरनाम्याला देवाच्या नावानं सुरुवात करावी, अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडली होती. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. देवावर श्रद्धा असलेली कितीतरी माणसं त्या सभागृहात होती. तरी आपल्या श्रद्धेचा शिक्का सगळ्यांच्या कागदावर उमटवू नये, असं त्यांतल्या अनेकांना वाटलं. जर्मनीच्या घटनेची सुरुवात देवाच्या उल्लेखानं होते. बव्हेरियाच्या घटनेत तर देवाविषयी आदर हे शिक्षणाच्या श्रेष्ठ ध्येयांत पहिलं सांगितलं आहे.

पण त्याच आपल्या घटनेत २९०-अ हे कलमही आहे. केरळनं दरवर्षी साडेशेचाळीस लाख आणि तमिळनाडूनं साडेतेरा लाख रुपये देवस्वम निधीला द्यावेत, असं त्यात लिहिलं आहे. संस्थानं विलीन होताना दिलेल्या शब्दाचं ते देणं आहे, म्हणजे १८०३च्या जर्मन भरपाईचं भावंडच. आणि आषाढीला पहाटे पंढरपुरात शासकीय पूजा होते. राज्याचा मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतो, जिल्ह्याचं सगळं प्रशासन राबतं. मुख्यमंत्र्यांनी वारकरी म्हणून दर्शनबारीत उभं राहावं, याच्याइतकी सुंदर गोष्ट नाही. पदाच्या अधिकारानं केलेली पूजा मात्र मला खटकते. गावाकडे हे बोलले की माझी सख्खी मावशी दोन दिवस अबोला धरते, तरी माझं म्हणणं तेच आहे.

असं असूनही सरकारनं देवळाच्या उंबऱ्याशी जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. १९४७च्या मे महिन्यात विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. पुढे १९७३च्या कायद्यानं बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, आणि सर्वोच्च न्यायालयात त्यावर शेवटचा शब्द पडायला २०१४चा जानेवारी उजाडला. चाळीस वर्षं गेली. तिथे सरकार मध्ये पडलं ते भाविकाची अडवणूक थांबवायला. म्हणून मी स्वतःपुरती एक खूण ठरवली आहे : सरकार धर्माच्या घरी बंद दार उघडायला आलं की आतल्या गादीवर बसायला आलं, एवढं बघायचं. पंढरपूरचा कायदा दार उघडायला आला. शासकीय पूजा गादीवर बसायला येते. इथला चर्चकरही दार उघडत नाही. तो फक्त दारातला हिशेब सरकारच्या हाती देतो.

भिंतीवरच्या क्रूसालाही मी हीच खूण लावते. २०१८ साली बव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर यांच्या मंत्रिमंडळानं फर्मान काढलं, की १ जूनपासून राज्य सरकारच्या प्रत्येक इमारतीच्या प्रवेशद्वाराशी दिसेल असा क्रूस लावावा. बव्हेरियाच्या इतिहासाची आणि संस्कृतीची ओळख म्हणून, असं कारण दिलं. सगळ्यांत परखड विरोध केला तो म्युनिकचे कॅथलिक आर्चबिशप कार्डिनल मार्क्स यांनी. क्रूसाकडे नुसती सांस्कृतिक खूण म्हणून बघणाऱ्याला तो कळलाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२३च्या डिसेंबरात लाईपझिगच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायालयानं फर्मान वैध ठरवलं. त्याआधी १९९५मध्ये शाळेच्या वर्गांत क्रूस सक्तीनं लावायचा नियम घटनाबाह्य असल्याचा निकाल केंद्रीय घटना न्यायालयानं दिला होता. तेव्हा बव्हेरियात हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि राज्यानं नवा कायदा केला : क्रूस राहील, पालकांनी गंभीर कारणानं हरकत घेतली तर तोडगा काढू. म्हणजे हरकत घ्यायची जबाबदारी एकट्या पालकावर, आणि आपला धर्म काय किंवा धर्म नाही ते उघड करायची वेळही त्याच्यावरच.

मैत्रिणीबरोबर एका कामासाठी मी अशाच एका राज्य कार्यालयात गेले होते. आत शिरताच पांढऱ्या भिंतीवर फिक्या लाकडाचा क्रूस, खाली मजल्यांची पाटी, शेजारी टोकन देणारं यंत्र. ती क्षणभर थांबली, सवयीनं हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरच खाली आला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आमच्या वाड्यावर खुरीस आहे ना, त्याला आम्ही मे महिन्यात चुना लावतो. संध्याकाळी मेणबत्ती लावतो, त्याच्यासमोर लादाईन म्हणतो. शेजारच्या नाईकांच्या घरूनसुद्धा फुलं येतात. इथल्या ह्या खुरसाकडे कोणी बघत पण नव्हतं गं." ती धार्मिक आहे, मी तिच्याइतकी नाही. पण त्या भिंतीवर क्रूस नसता तर बरं झालं असतं, यावर आमचं एकमत झालं. ज्याचा क्रूस त्यालाच तो तिथे परका वाटला.

आता दुसरी बाजू, कारण तीही मला तितकीच खरी वाटते.

आपल्या मंडळाचा गणपती दोन वर्षं ज्या सभागृहात बसला ते सभागृह एका कॅथलिक पॅरिशचं आहे. महापालिकेचे हॉल परवडत नव्हते, खाजगी हॉलवाल्यांना ढोल-ताशा नको होता. पॅरिशच्या पाद्रींनी भाडं नावापुरतं घेतलं, आरतीला स्वतः येऊन शेवटपर्यंत उभे राहिले आणि पंचखाद्य हातावर घेऊन आवडीनं खाल्लं. त्या सभागृहाचं हीटिंग, दुरुस्ती, राखणदाराचा पगार हे सगळं चर्चकरातून भागतं. म्हणजे माझ्या मैत्रिणीसारख्या कुणाच्या तरी ३२ युरोंच्या छपराखाली आमचा गणपती बसला होता. २०१५ साली सीरियातल्या निर्वासितांना घेऊन गाड्या म्युनिकच्या मुख्य स्थानकात येऊ लागल्या तेव्हा अंथरुणं घेऊन धावणाऱ्यांत पॅरिशची माणसं पुढे होती. हे विसरून बोलणं अन्यायाचं होईल.

आणि आणखी एक. इथे निदान सगळं कागदावर असतं. किती गेले, कुणाला गेले, कोणत्या कायद्यानं गेले, हे नोकरीला लागलेली मुलगी पहिल्या महिन्यात बोट ठेवून विचारू शकते. आपल्याकडे सरकारी खर्चातला किती पैसा कुठल्या यात्रेला, कुठल्या घाटाला, कुठल्या महोत्सवाला गेला ते आजोबांनाही कधी कळलं नाही आणि मलाही कळत नाही. जर्मनीची पावती आणि आपलं २७वं कलम, या दोन्ही गोष्टी एका देशात मिळाल्या तर मला तो देश आवडेल.

इथवर आल्यावर मैत्रिणीनं सरळ प्रश्न केला, "मग मी आता काय करू?" तिला दिलेलं उत्तर इथे सविस्तर लिहिते, कारण पुढच्या काही महिन्यांत गोव्यातून, वसईतून, केरळातून अशा पुष्कळ मुली इथे नर्सिंगसाठी येणार आहेत.

पहिली गोष्ट : पत्त्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे तुमची श्रद्धा विचारलेली नसते. सार्वजनिक कायद्यानं मान्यता मिळालेल्या धर्मसंस्थेचे तुम्ही सभासद आहात का, एवढंच विचारलेलं असतं. हिंदू, जैन, बौद्ध असाल तर त्यानं पगारात फरक पडत नाही. कॅथलिक असाल आणि बाप्तिस्मा झालेला असेल, तर तुम्ही इथे राहायला आल्या क्षणी चर्च तुम्हाला आपलं मानतं. खोटं लिहू नका. सरकारी कागदावरचं खोटं पुढे केव्हातरी अंगाशी येतं. फक्त लिहिताना ठाऊक असू द्या की तो शब्द करखात्याकडे जाणार आहे.

दुसरी : भरलेला चर्चकर वर्षाच्या विवरणपत्रात वजावट म्हणून दाखवता येतो. पगाराच्या पावत्या फाडू नका, एका फायलीत लावून ठेवा.

तिसरी : चर्च सोडायचं असेल तर चर्चमध्ये जायचं नसतं. बव्हेरियात ते राहत्या गावच्या नागरी नोंदणी कार्यालयात, जन्म-मृत्यू-विवाह नोंदवतात तिथे, स्वतः जाऊन सांगायचं. पासपोर्ट न्यायचा, थोडी फी भरायची. ज्या महिन्यात सांगितलं त्या महिन्याअखेर कर थांबतो. मिळालेला दाखला जन्मभर जपायचा, कारण दुसऱ्या राज्यात गेलात की तो पुन्हा मागू शकतात.

चौथी, आणि सगळ्यांत महत्त्वाची : कर सोडून श्रद्धा ठेवता येईल, असं समजू नका. एका कॅथलिक प्राध्यापकानं नेमकं हेच करून पाहिलं, तेव्हा २०१२च्या सप्टेंबरात लाईपझिगच्या त्याच न्यायालयानं असं अर्धं बाहेर पडता येणार नाही, असा निकाल दिला. त्याच महिन्यात बिशपांनी फतवा काढला, की बाहेर पडलेल्याला कबुली, प्रसाद, धर्मपिता-धर्ममाता होण्याचा मान, काही नाही. तरी माणसं बाहेर पडतात. २०२२च्या जानेवारीत म्युनिकच्या धर्मप्रांतातल्या लैंगिक अत्याचारांचा अहवाल आला. १९४५ ते २०१९ या काळातले किमान ४९७ बळी त्यात नोंदले होते. त्या एका वर्षात जर्मनीतून ५ लाख २२ हजारांहून जास्त लोकांनी कॅथलिक चर्च सोडलं. इथल्या नोंदणी कार्यालयात तेव्हा वेळ मिळेना.

पाचवी : नोकरीचा करार काढून वाचा. तुमचं रुग्णालय, वृद्धाश्रम किंवा बालवाडी चर्चच्या संस्थेची आहे का ते बघा. कॅरिटास आणि डियाकोनी या दोन चर्चप्रणीत संस्थांत मिळून दहा लाखांहून अधिक माणसं काम करतात. त्यांना चर्चचे स्वतःचे कामगार-नियम लागू असतात. कॅथलिक बिशपांनी २०२२च्या नोव्हेंबरात ते बरेच सैल केले. घटस्फोट, दुसरं लग्न, समलिंगी नातं यांवरून आता नोकरी जात नाही. चर्च सोडणं हे कारण मात्र त्यांनी ठेवलं.

हे ऐकून तिनं पिशवीतून करार काढला. आम्ही दोघींनी तो ओळ न् ओळ वाचला. तिचं रुग्णालय कॅथलिक संस्थेचं आहे. कुकर कधीच झाला होता, भात गार होत होता.

मला खरा राग आला तो तिथे. त्या रुग्णालयाचा रोजचा खर्च मुख्यतः आरोग्य विम्याच्या पैशातून चालतो. माझ्या विम्याचा हप्ताही त्यात जातो, मशिदीत जाणाऱ्या तुर्की शेजाऱ्याचाही, कशावरच विश्वास नसलेल्या खालच्या मजल्यावरच्या आजींचाही. सगळ्यांच्या पैशावर चालणाऱ्या जागी काम करणाऱ्या नर्सनं कुठल्या संस्थेचं सभासद राहावं, हे एका धर्मसंस्थेनं ठरवावं आणि सरकारनं त्याला संमती द्यावी, हे मला मान्य नाही. सलाईनची सुई टोचणाऱ्या हाताचा धर्म रुग्ण विचारत नाही.

जर्मन घटनेत यावरचं उत्तर आहे, हे या सगळ्यातलं विशेष. वायमारच्या १३६व्या कलमात म्हटलं आहे की आपली धार्मिक श्रद्धा उघड करायला कुणीही बांधील नाही. फक्त पुढे अपवाद जोडला आहे : ज्यावर हक्क किंवा कर्तव्यं अवलंबून असतील, तेवढ्यापुरतं सरकारला विचारता येईल. चर्चकर हे असं कर्तव्य ठरलं, आणि त्या अपवादातून धर्माचा रकाना फॉर्मवर आला, तिथून कर खात्यात गेला, तिथून पगारपत्रक बनवणाऱ्या कारकुनाच्या टेबलावर आला. मूळ नियम एका वाक्याचा, आणि अपवाद देशातल्या प्रत्येक पगाराच्या पावतीवर छापलेला.

आपल्याकडे २०१४च्या सप्टेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं यावर निकाल दिला आहे. तिघा अर्जदारांना राजपत्रात आपली नोंद 'कोणताही धर्म नाही' अशी करून हवी होती, सरकारी छापखान्यानं ती नाकारली होती. न्यायालयानं सांगितलं की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार कुणावर करू शकत नाही, आणि मला धर्म नाही असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. या निकालाचा मला अभिमान वाटतो. आणि तरीही माझ्या भाचीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात दोन्ही आहेत, हेही मी पाहिलं आहे.

मैत्रिणीनं चर्च सोडलं नाही. नोकरीची भीती हे एक कारण, पण तिनं मला दुसरं सांगितलं ते असं : "मला सोडायचं नाहीच आहे, ताई. फक्त त्यांनी विचारून घ्यायला हवं होतं." गावच्या फेस्ताला ती दरवर्षी पैसे पाठवते. ते पाठवताना तिला कुणी रकाना भरायला सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. धर्माला द्यायचं ते माणसानं आपल्या हातानं द्यावं, आजोबांनी भिशी दिली तसं. सरकारनं त्या हाताचा हिशेब ठेवू नये, त्यासाठी कुणाचा धर्म विचारू नये, मग ते सरकार म्युनिकचं असो की मुंबईचं. आणि जोवर तो रकाना फॉर्मवर आहे, तोवर इकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला तिच्या घरच्यांनी, ओळखीच्यांनी विमानात बसायच्या आधी त्याचा अर्थ समजावून सांगावा. तुमच्या ओळखीची कुणी येत असेल तर कृपा करून तिला हे सांगा.